एच-१बी व्हिसाचा वार्षिक कोटा आणि लॉटरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी उजाडला की पुण्या-मुंबईपासून डॅलस-न्यू जर्सीपर्यंतच्या मराठी घरांत एकच विषय सुरू होतो: यंदा एच-वनला, म्हणजे अमेरिकेत नोकरी करण्यासाठीच्या एच-१बी व्हिसाच्या लॉटरीला, कंपनी नाव घालेल का, आणि घातलं तर लागेल का? गेल्या दीड-दोन वर्षांत नियम इतके बदललेत, की पाच वर्षांपूर्वी गेलेल्या मोठ्या भावाचा किंवा मित्राचा सल्लाही आता जसाच्या तसा चालत नाही. खालची माहिती मार्च २०२६च्या फेरीचे नियम धरून लिहिली आहे. तुमच्या केसबद्दल शेवटचा शब्द इमिग्रेशन वकिलाचा. पण त्याला नेमकं काय विचारायचं, हे तुम्हाला आधी कळलेलं असावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

दरवर्षी एकूण किती जणांना नवीन एच-१बी मिळतो?

कोट्यातून, कायद्याने, ८५,०००. त्यातल्या ६५,००० जागा सर्वसाधारण कोट्यातल्या आणि २०,००० अमेरिकेतल्या विद्यापीठातून मास्टर्स किंवा त्यावरची पदवी घेतलेल्यांसाठी. ६५,०००मधल्याही ६,८०० आधीच बाजूला काढलेल्या असतात. मुक्त व्यापार करारांमुळे १,४०० चिलीच्या आणि ५,४०० सिंगापूरच्या नागरिकांसाठी राखून ठेवतात, आणि त्यातल्या न वापरलेल्या पुढच्या वर्षीच्या कोट्यात येतात.

अमेरिकी सरकारचं वर्ष १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर असं चालतं. त्यामुळे मार्च २०२६मध्ये नाव घातलं, तर ती '२०२७'ची लॉटरी, आणि काम सुरू होणार ते लवकरात लवकर १ ऑक्टोबर २०२६ला. अनेक पालक या आकड्यामुळे गोंधळतात आणि मुलगा वर्षभर उशिरा जाणार असं धरून बसतात.

हा ६५,०००चा आकडा आला कुठून?

१९९०च्या इमिग्रेशन कायद्यातून. तेव्हा तो पुरेसा वाटत होता, काही वर्षं तर भरतही नव्हता. पुढे सॉफ्टवेअरची लाट आली. १९९८च्या कायद्याने मर्यादा १,१५,००० केली आणि २०००च्या कायद्याने २००१ ते २००३ या तीन वर्षांसाठी १,९५,०००. वायटूकेच्या (२००० सालच्या संगणक-तारखांच्या गोंधळाच्या) आगेमागे पुण्या-मुंबईची जी पिढी भराभर गेली, ती याच मोकळ्या काळातली. वाढीव मुदत संपल्यावर २००४पासून आकडा परत ६५,०००वर आला. त्याच वर्षी केलेल्या कायद्याने मास्टर्सवाल्यांचे २०,००० जोडले गेले. तेव्हापासून कोट्याला हात लागलेला नाही. म्हणूनच 'आमच्या वेळी तर सहज मिळायचा' या वाक्याने आजच्या मुलांना मोजू नये.

भारतीयांसाठी वेगळी मर्यादा आहे का?

नाही. एच-१बीमध्ये देशवार कोटा नसतो. मंजूर होणाऱ्या अर्जांपैकी साधारण सत्तर टक्के भारतात जन्मलेल्यांचेच असतात. देशाला सात टक्क्यांची मर्यादा असते ती ग्रीन कार्डला. भारतीयांची ती लांबच लांब रांग या दुसऱ्या मर्यादेमुळे लागते. दोन्ही गोष्टी चर्चेत एकत्र कालवल्या जातात, त्या वेगळ्या ठेवा.

लॉटरीशिवाय एच-१बी मिळू शकतो का?

हो, आणि हा मार्ग पुरेसा लक्षात घेतला जात नाही याचं वाईट वाटतं. विद्यापीठं, त्यांच्याशी संलग्न ना-नफा संस्था (यात बरीच मोठी रुग्णालयं येतात), ना-नफा संशोधन संस्था आणि सरकारी संशोधन संस्था या कोट्याच्या बाहेर आहेत. त्या वर्षात कधीही अर्ज करू शकतात. पीएचडी, पोस्टडॉक, बायोटेक, डेटा अशा क्षेत्रांतल्या मुलांनी नोकरी शोधतानाच असे एम्प्लॉयर यादीत घ्यावेत. मात्र तिथून खासगी कंपनीत जायचं झालं, तर लॉटरीला सामोरं जावंच लागतं.

लॉटरी कधीपासून सुरू झाली?

एप्रिल २००७मध्ये अर्ज घ्यायला सुरुवात झाली आणि दोन दिवसांत सव्वा लाखाच्या आसपास अर्ज येऊन पडले. त्यांतून संगणकाने चिठ्ठ्या काढल्या. मधल्या मंदीच्या काळात कोटा भरायला महिनोन् महिने लागले. पण २०१३च्या एप्रिलपासून एकही वर्ष लॉटरीवाचून गेलेलं नाही.

तेव्हा कंपन्यांना आधी पूर्ण अर्ज, सगळी कागदपत्रं आणि फीचे चेक लावून जाडजूड पाकिटं पाठवावी लागत. नंबर लागला नाही तर सगळं पाकीट परत. मार्च २०२०पासून ही रीत बदलली. आता आधी फक्त ऑनलाइन नोंदणी होते आणि निवड झालेल्यांचाच पूर्ण अर्ज मागतात. नोंदणीला तेव्हा फक्त १० डॉलर पडत, त्यामुळे नावं घालणं सोपं झालं आणि गर्दीही उसळली. आता ही फी २१५ डॉलर आहे.

नोंदणी कोण करतं? मी स्वतः करू शकतो का?

नाही. नोंदणी कंपनी करते, किंवा कंपनीच्या वतीने तिचा वकील. मार्चमध्ये किमान १४ दिवस खिडकी उघडी असते आणि तारखा महिनाभर आधी जाहीर होतात.

तुमच्याकडून लागते ती मुख्य गोष्ट म्हणजे पासपोर्ट, आणि तो एकच. एका माणसाची नोंदणी दोन वेगवेगळ्या पासपोर्टवर झाली, तर केस बाद होऊ शकते. नोंदणीनंतर पासपोर्टचं नूतनीकरण झालं, तर अर्जासोबत जुन्या-नव्या दोन्हींच्या प्रती आणि खुलासा द्यावा लागतो. शक्य असेल तर मुदत संपत आलेला पासपोर्ट जानेवारीच्या आधीच नवा करून घ्या.

आपल्याकडच्या नावांचा घोळ इथे हमखास निघतो. पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र, पदवीवर आडनाव आधी, आणि लग्न झालेल्या मुलींच्या बाबतीत पासपोर्टवर सासरचं नाव तर गुणपत्रिकांवर माहेरचं. नोंदणीत पासपोर्टवर जसं आहे तसंच, अक्षरन् अक्षर, घाला. बाकीच्या कागदांवरच्या फरकासाठी विवाह प्रमाणपत्र, राजपत्रातली नोंद किंवा प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. कंपनीने भरलेल्या नोंदणीचा मसुदा मागून घ्या आणि पासपोर्ट शेजारी ठेवून स्वतः तपासा. जन्मतारखेत दिवस-महिन्याची अदलाबदल झाल्याचं नंतर कळलं तर फार उशीर झालेला असतो.

दोन-तीन कंपन्यांनी माझं नाव घातलं तर संधी वाढते का?

२०२३पर्यंत वाढत होती, कारण प्रत्येक नोंदणीची वेगळी चिठ्ठी पडायची. त्याचा उघड गैरफायदा घेतला गेला. त्या वर्षी एकूण ७,८०,८८४ नोंदण्या आल्या. त्यांतल्या ४,०८,८९१ नोंदण्या अशा माणसांच्या होत्या, ज्यांची नावं एकाहून जास्त कंपन्यांनी घातली होती. सरळ मार्गाने एकच नोंदणी केलेल्या मुलामुलींवर तो धडधडीत अन्याय होता.

२०२४पासून निवड माणसाची होते. पासपोर्टवरून सगळ्या नोंदण्या एकत्र बांधतात आणि तुमच्या नावाने एकदाच विचार होतो. निवड झाली की नोंदणी केलेली प्रत्येक कंपनी तुमच्यासाठी अर्ज करू शकते, आणि कोणाची ऑफर घ्यायची ते तुम्ही ठरवता. या बदलामुळे पात्र नोंदण्या त्याच वर्षी ४,७०,३४२वर आणि मार्च २०२५मध्ये ३,४३,९८१वर आल्या.

आजही दोन खऱ्या कंपन्यांनी खऱ्या नोकरीसाठी नाव घातलं तर ते कायदेशीर आहे. पण आता त्यात एक नवी मेख आहे: पगाराची पातळी वेगवेगळी असेल, तर सगळ्यांत खालची धरतात. म्हणजे चांगल्या ऑफरच्या जोडीला कुठल्यातरी छोट्या कन्सल्टन्सीकडून 'असू दे एक' म्हणून नाव घातलं, तर तुमचीच संधी कमी होते.

पगारावर लॉटरी म्हणजे नेमकं काय?

हा मार्च २०२६च्या फेरीचा सगळ्यांत मोठा बदल. डिसेंबर २०२५च्या अखेरीस प्रसिद्ध झालेला आणि २७ फेब्रुवारी २०२६पासून लागू झालेला हा नियम म्हणतो, की ज्याचा पगार त्याच्या कामाच्या आणि जागेच्या मानाने जास्त, त्याचं नाव जास्त वेळा टाकायचं. पगाराच्या चार पातळ्या आहेत. चौथीतल्याचं नाव चार वेळा, तिसरीतल्याचं तीन, दुसरीतल्याचं दोन आणि पहिलीतल्याचं एकदा.

यात दोन गोष्टींचा गैरसमज होतो. एक, पातळी नुसत्या डॉलरच्या आकड्यावर ठरत नाही. अमेरिकेचं श्रम खातं प्रत्येक व्यवसायाचे आणि प्रत्येक भागाचे वेगळे दर ठरवतं. समजा, दोन सॉफ्टवेअर डेव्हलपरना सारखाच पगार आहे, एक सॅन होझेत आणि दुसरा मध्य अमेरिकेतल्या एखाद्या लहान शहरात. सॅन होझेतले दर चढे, म्हणून तिथे तो पगार पहिल्या-दुसऱ्या पातळीत बसेल आणि लहान शहरात तोच तिसऱ्या-चौथ्या पातळीला पोचेल. हे दर श्रम खात्याच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. कामाचा वर्ग आणि काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) निवडली की चारही पातळ्यांचे आकडे समोर येतात. ऑफर लेटर हातात आलं की त्याच दिवशी हे तपासा.

दोन, कंपनी लेबर अर्जात (श्रम खात्याला पगार आणि काम कळवणाऱ्या अर्जात) अनुभव आणि शिक्षण पाहून जी पातळी लावते ती वेगळी. लॉटरीसाठी प्रत्यक्ष देऊ केलेला पगार कोणत्या पातळीच्या दराला पोचतो ते पाहतात. काम नवशिक्याचं पण पगार चढा असेल, तर लॉटरीत वरची पातळी मिळू शकते. कामाच्या जागा एकाहून जास्त असतील तर सगळ्यांत खालची पातळी धरतात.

अमेरिकी सरकारच्या अंदाजानुसार पहिल्या पातळीची संधी साधारण १५ टक्क्यांवर येते, दुसरीची ३०च्या आसपास राहते, तिसरीची ४५च्या आणि चौथीची ६१च्या घरात जाते. पूर्वी सगळ्यांना सरसकट ३० टक्क्यांच्या आत-बाहेर होती. माझं मत विचाराल तर, गैरप्रकार रोखायला हा नियम उपयोगी पडेल, पण त्याची सगळ्यांत जास्त झळ नुकतंच मास्टर्स करून पहिली नोकरी धरणाऱ्यांना बसते. चाळीस-पन्नास लाखांचं शैक्षणिक कर्ज काढलेली मुलं नेमकी याच गटात आहेत.

मग कागदावर पगार वाढवून घेतला तर?

अजिबात करू नका. निवडीनंतर अर्ज करताना नोंदणीच्या वेळची पातळी कशावरून धरली याचा पुरावा द्यावा लागतो. पुढे पगार किंवा जागा बदलून पातळी खाली आणली आणि ती फक्त निवडीसाठीच चढवली होती असं दिसलं, तर मंजुरी नाकारता येते, दिलेली रद्द करता येते. फसवणुकीचा शिक्का बसला तर तो पुढच्या प्रत्येक व्हिसाच्या वेळी आडवा येतो.

खरोखर पगार वाढवून मागणं मात्र योग्य आहे. वरची पातळी दोन-तीन हजार डॉलरवर असेल, तर एचआरकडे हा विषय काढायला लाजू नका.

अमेरिकेत मास्टर्स केल्याचा फायदा किती?

दोनदा विचार होतो एवढा. आधी सगळ्यांची नावं ६५,०००च्या फेरीत. त्यात न निवडलेले मास्टर्सवाले मग २०,०००च्या फेरीत. हा क्रम २०१९पासूनचा आहे, आणि पगाराची पातळी दोन्ही फेऱ्यांना लागू होते. अट अशी की विद्यापीठ मान्यताप्राप्त आणि सरकारी किंवा ना-नफा असावं. नफ्यासाठी चालवलेल्या कॉलेजची पदवी इथे चालत नाही. फी भरण्याआधी पाहायची गोष्ट आहे ही. भारतातलं एमटेक किंवा एमसीए या २०,०००साठी धरत नाहीत.

माझी बीएस्सी तीन वर्षांची आहे. चालेल का?

एच-१बीला अमेरिकेच्या चार वर्षांच्या पदवीच्या तोडीचं शिक्षण लागतं. नुसती तीन वर्षांची बीएस्सी, बीकॉम किंवा बीसीए कमी पडते. कमी पडणाऱ्या प्रत्येक वर्षाला त्याच क्षेत्रातल्या तीन वर्षांच्या अनुभवाची भरपाई धरतात, म्हणून जुन्या कंपन्यांची अनुभवपत्रं जपून ठेवा. त्यांत हुद्द्याबरोबर कामाचं स्वरूपही लिहिलेलं हवं. बीई, बीटेकला ही अडचण नाही. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला असेल, तर मूल्यांकनाला डिप्लोम्याच्या गुणपत्रिकाही जोडा.

निवड झाली! आता पेढे वाटायचे का?

आनंद जरूर साजरा करा, पण हातात अजून व्हिसा नाही. निवड म्हणजे अर्ज करण्याची परवानगी. पुढे श्रम खात्याकडून लेबर अर्ज प्रमाणित होतो, त्याला सात कामाचे दिवस लागतात. मग कंपनी आय-१२९, म्हणजे एच-१बीचा पूर्ण अर्ज, भरते. त्यासाठी साधारण १ एप्रिल ते ३० जून अशी किमान ९० दिवसांची मुदत असते. तो नामंजूर होऊ शकतो किंवा जास्तीचे पुरावे मागणारं पत्र येऊ शकतं. गळती धरूनच निवड जास्त जणांची करतात. २०२६च्या कोट्यासाठी ८५,००० जागांना १,२०,१४१ नोंदण्या निवडल्या होत्या.

निवड झाल्यावरही अर्जच न करणाऱ्या कंपन्या आहेत. कुठे प्रकल्प गेला, कुठे बजेट कापलं. मे महिना उजाडूनही अर्ज पोचल्याचा पावती क्रमांक मिळाला नसेल, तर रोज नाही पण दर आठवड्याला विचारत राहा.

नोंदणीच्या ऑनलाइन खात्यात अजून 'सबमिटेड' दिसतंय. म्हणजे गेलं का?

नाही. पहिली फेरी मार्चअखेर लागते, पण अर्ज कमी आले तर नंतर आणखी निवड होऊ शकते. २०२१मध्ये जुलैत आणि पुन्हा नोव्हेंबरात निवड झाली होती. वर्षाचा कोटा भरल्याचं जाहीर झालं की मगच 'नॉट सिलेक्टेड' येतं. त्या आशेवर हातातली दुसरी संधी मात्र सोडू नका.

एक लाख डॉलर कोणाला भरावे लागतात?

१९ सप्टेंबर २०२५च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने हा बोजा आला. २१ सप्टेंबरपासून, जो माणूस अमेरिकेबाहेर आहे आणि ज्याच्याकडे वैध एच-१बी व्हिसा नाही, त्याच्या नव्या अर्जासाठी कंपनीने एक लाख डॉलर भरायचे. रुपयांत सुमारे नव्वद लाख. आदेशाची मूळ मुदत बारा महिने, वाढवली नाही तर. त्याविरुद्ध दावे झाले. डिसेंबर २०२५मध्ये वॉशिंग्टन डीसीच्या जिल्हा न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला आणि प्रकरण अपिलात गेलं.

अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असलेल्याचा दर्जा तिथल्या तिथे एच-१बीत बदलत असेल, तर ही रक्कम लागत नाही. मुदतवाढीलाही नाही. मात्र दर्जा बदलण्याचा अर्ज प्रलंबित असताना देशाबाहेर पडलात तर तो सोडून दिल्यासारखा धरतात, आणि मग ही रक्कम गळ्यात पडू शकते. घरचं लग्न असो की गणपती, त्या काळात तिकीट काढण्याआधी वकिलाला विचारा.

हिंजवडीत बसून थेट एच-१बीवर जाण्याचा जो राजमार्ग होता, तो या आदेशामुळे सध्या जवळजवळ बंद आहे. हे कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

एक कन्सल्टन्सी नाव घालायला पैसे मागते आहे. द्यावेत का?

नाही, नाही आणि नाही. नोंदणीची फी, आय-१२९ची फी, त्यासोबतचं सरकारी प्रशिक्षण शुल्क, वकिलाचा खर्च हे सगळं कंपनीचं ओझं आहे. 'आमच्याकडून हमखास लागतो' असं म्हणणारा खोटं बोलतो, कारण निवड सरकारी संगणक करतो. ज्या नोकरीचा ना मॅनेजर माहीत, ना काम, ना पत्ता, तिच्या नावाने नोंदणी झाली तर ती फसवणूक ठरते, आणि नाव तुमचं खराब होतं. आईचे दागिने गहाण ठेवून असे पैसे भरल्याची उदाहरणं आहेत. घरात असा विषय निघाला तर जिथल्या तिथे थांबवा.

प्रीमियम प्रोसेसिंगने नंबर लवकर लागतो का?

नाही. जादा फी भरून घेतलेल्या या सोयीने निवडीनंतरचा निर्णय १५ कामाच्या दिवसांत मिळतो. लॉटरीशी संबंध नाही.

यंदा लागली नाही तर काय करायचं?

स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) शाखेतून अमेरिकेत शिकलात तर ओपीटीचं, म्हणजे शिक्षणानंतर एफ-१वरच काम करण्याच्या परवानगीचं, एक वर्ष आणि त्यावर २४ महिने मिळतात, म्हणजे सहसा तीन वेळा प्रयत्न करता येतो. पहिला प्रयत्न शक्य तितक्या लवकर करा, पदवी मिळायच्या वर्षीच. अर्ज दाखल झालाय आणि मधे ओपीटी संपतेय, अशा वेळी 'कॅप-गॅप'ची, म्हणजे मधल्या काळात तिथे राहण्याची आणि काम करण्याची, सोय आहे. २०२५च्या जानेवारीपासून ती पुढच्या १ एप्रिलपर्यंत पुरते.

बहुराष्ट्रीय कंपनीच्या भारतातल्या कार्यालयात सलग एक वर्ष काम केल्यावर एल-१वर (कंपनीअंतर्गत बदलीच्या व्हिसावर) जाता येतं. त्याला कोटा नाही, लॉटरी नाही. बऱ्याच कंपन्या मुलांना वर्षभर पुण्यात किंवा बंगळुरूत बसवून असंच परत नेतात. संशोधनात नाव असेल तर असामान्य कामगिरीवाल्यांचा ओ-१ व्हिसा आहे, त्यालाही कोटा नाही. आणि कॅनडा आहे, जिथे चिठ्ठी न काढता गुणांवर निवड होते.

आधी एच-१बीवर होतो, चार वर्षांनी परत आलो. आता पुन्हा लॉटरी?

बहुधा नाही. एकदा कोट्यात मोजले गेलात की एच-१बीवर मिळणाऱ्या सहा वर्षांतला उरलेला काळ पुन्हा लॉटरी न लागता वापरता येतो. कंपनी बदलली तरी लॉटरी लागत नाही. जुनी मंजुरीपत्रं टाकून देऊ नका. फक्त, तुम्ही भारतात असाल आणि वैध व्हिसा नसेल, तर वर सांगितलेल्या लाख डॉलरचा प्रश्न येतो.

नवरा-बायको, मुलं कोट्यात मोजतात का?

नाही, त्यांना एच-४ मिळतो आणि त्याला मर्यादा नाही.

मंजुरी आली, मुंबईत स्टॅम्पिंगला (पासपोर्टवर व्हिसा लावून घ्यायला) काय लागतं?

मुलाखत आता जवळपास सगळ्यांना द्यावी लागते. मुलाखतीशिवाय कागद टाकून व्हिसा मिळण्याची सोय सप्टेंबर २०२५पासून आटली, आणि मेक्सिको किंवा दुबईत जाऊन स्टॅम्पिंग करून घेण्याचा मार्गही तेव्हापासून बंद झाला. स्वतःच्या किंवा राहत्या देशातच अर्ज करायचा. १५ डिसेंबर २०२५पासून एच-१बी आणि एच-४वाल्यांची समाजमाध्यमांवरची खाती तपासली जातात, आणि ती सगळ्यांना दिसतील अशी ठेवायला सांगतात. त्या वेळी कित्येकांच्या मुलाखती महिनोन् महिने पुढे ढकलल्या गेल्या आणि दोन आठवड्यांच्या सुट्टीवर आलेले लोक इथेच अडकले. म्हणून भेटीची तारीख मिळाल्याशिवाय परतीचं तिकीट काढू नका. तारीख मिळाली तरी, इथे अडकलात तर काही आठवडे भारतातून काम करता येईल का, हे मॅनेजरकडून लेखी घेऊन निघा.